लेकरू सध्या काय करतंय?



हळदीकुंकू असो, बारसं असो, की दारातल्या भाजीवालीच्या टोपलीभोवतीचा घोळका असो, आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला. "लेकरू काय करायलंय सध्या?" विचारणारीच्या मनात काही वाकडं नसतं. पण जिचं लेकरू बारावी होऊन तीन वर्षं झाली तरी घरीच आहे, तिच्या हातातलं वाण एकदम जड होतं. "तयारी करायलंय," एवढंच ती म्हणते आणि विषय बदलते. कसली तयारी, कुठपर्यंत, आणि ती फळाला आली नाही तर पुढं काय, हे ती सांगत नाही आणि आपणही शहाणपणानं विचारत नाही.

या सदरात आपण लोणच्याच्या मसाल्यापासून पडद्यांच्या कापडापर्यंत पुष्कळ बोललो. आज या 'तयारी'बद्दल बोलायचं आहे. माझ्या मते हाही घरसंसाराचाच प्रश्न आहे आणि त्याची खरी झळ घरातल्या बाईलाच लागते. मुलगा दुपारी बारापर्यंत झोपला तर वडील चिडतात ते आईवर. मुलीच्या सासरी 'भाऊ काय करतो?' असं कुणी विचारलं की मान खाली जाते तीही आईचीच.

आधी थोडा हिशेब मांडू या. महिन्याच्या किराण्याचा हिशेब आपण पैन्‌पै करतो. मुलांच्या वर्षांचा हिशेब मात्र देवावर सोडतो. २०२४ साली डॉक्टरीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली होती. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. २०२३ मध्ये आपल्या राज्यात तलाठ्यांची भरती निघाली. जागा साधारण ४,६०० आणि अर्ज १० लाखांहून जास्त. अर्जाची फी खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागास वर्गाला ९००. म्हणजे दोनशेहून जास्त मुलांमागं एक खुर्ची. बाकीच्यांनी अभ्यास केला नाही असं थोडंच आहे? पुष्कळांनी जीव तोडून केला असेल. पण जागाच तेवढ्या!

हे आकडे मुलाला टोचून बोलायला वापरू नका बरं का. उलट, 'नाही झालं तर त्यात तुझा नालायकपणा नाही' हे त्याला पटवून द्यायला ते उपयोगी पडतात.

लातूरच्या मैत्रिणींना तर हे मी काय सांगावं! १९७० साली निघालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याच्याही आधीचं दयानंद, इथं शिकवण्याची जी पद्धत बसली तिचं नाव 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर झालं. जास्तीचे तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, आणि मुलांच्या हात धुऊन मागं लागणारे मास्तर. मागासलेला भाग म्हणून ज्याला नावं ठेवत, त्या भागातल्या शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर-इंजिनियर झाली ही काही लहान गोष्ट नाही. मला तिचा अभिमानच आहे. पण त्याच गावात दुसरीही एक गोष्ट घडली. बाहेरगावची मुलं शिकायला येतात म्हणून वसतिगृहं उभी राहिली, खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, डबे पोचवणारे, कपडे इस्त्री करणारे असा केवढा तरी पसारा वाढला. लातूरचा सर्वांत मोठा कारखाना कोणता म्हणाल, तर मी हाच म्हणेन. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी डब्यांवर तीन मुलांची शिक्षणं केली. त्यांच्याकडे जेवणाऱ्यांतली काही पोरं त्याच वेळी तिसऱ्यांदा 'रिपीट' करत होती! रोजगार गावातच होता. पुस्तकात खुपसलेल्या डोक्यांना तो दिसत नव्हता, इतकंच.

मग तयारी सोडूनच द्यायची का? मुळीच नाही. तिला मुदत घालायची. आपण व्रतसुद्धा धरतो ते सोळा सोमवारांचं. उद्यापन कधी ते आधीच ठरलेलं असतं. मग परीक्षेलाच मुदत का नको?

माझ्या लातूरच्या जाऊबाईंनी हे करून दाखवलं. त्यांच्या मोठ्या मुलाचे 'नीट'चे दोन प्रयत्न झाले. तिसऱ्यासाठी भाऊजी एकरभर रान विकायला निघाले होते. जाऊबाई तशा अबोल. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "परीक्षा त्याला हजारदा देऊ द्या, पण माझ्या हयातीत रान विकायचं नाही. आणि परीक्षा देता देता त्यानं हाताला काहीतरी शिकायचं." घरात आठ दिवस अबोला होता. शेवटी पोरानंच मार्ग काढला. त्यानं आय.टी.आय.ला फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा ट्रेड घेतला. पहिली दिवाळी फार वाईट गेली म्हणे. पाहुण्यांत एक मामा म्हणाले, "काय डॉक्टर, पाना-स्क्रूड्रायव्हर चालवायला लागलात व्हय?" लेकराच्या डोळ्यांत पाणी आलं. आज तो दवाखाने, औषधांची दुकानं, आइस्क्रीमची पार्लरं अशा ठिकाणची यंत्रं पाहतो. फार श्रीमंत झाला असं नाही. पावसाळ्यात काम कमी होतं, तेव्हा पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. पण रान शाबूत आहे आणि पोरगं सकाळी सातला उठतं. जाऊबाईंना विचारलं तर त्या दुसऱ्या गोष्टीचा आनंद पहिल्यापेक्षा जास्त सांगतात.

एकाच वाटेवर सगळ्यांनी गर्दी केली की काय होतं, ते माझ्या पिढीनं पाहिलेलं आहे. आमच्या वेळी जी ती डी.एड. करत होती. 'मुलीला मास्तरीण करा, स्थळही चांगलं येतं' असं म्हणत कॉलेजं निघाली, देणग्या दिल्या गेल्या. २०१२ नंतर राज्यातली शिक्षकभरती बरीच वर्षं थंडावली. माझ्या कितीतरी मैत्रिणींची डी.एड.ची प्रमाणपत्रं लग्नातल्या शालूखाली घडी घालून ठेवलेली आहेत. मीसुद्धा शाळेत शिकवते ते तासिकेवर. तेव्हा 'सगळ्याजणी करतात' हे कोणताही कोर्स निवडायचं कारण होऊ शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या गावात नोकऱ्या आहेतच कुठं? हे मला निम्मंच पटतं. मोठे कारखाने आपल्याकडे कमीच. नांदेडला उस्मानशाही मिल होती. तिच्या भोंग्यावर घरातली कामं चालत, असं सासूबाई सांगतात. ती केव्हाच बंद पडली. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला. २०१८ साली पायाभरणी झाली, २०२० च्या डिसेंबरात डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला आणि २०२३ मध्ये वंदे भारतच्या शयनयान गाड्या तिथं बांधायचा करार झाला. कारखान्याच्या बातम्या वाचून 'आता सगळ्या पोरांना नोकऱ्या लागणार' असं आपण म्हणत बसलो. पण कारखान्याला हवा असतो वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन. नुसत्या बी.ए.ला तिथं कोण विचारणार? (मी स्वतः बी.ए. आहे, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे!)

शिवाय आपल्या गावातलं बहुतेक काम वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निघतच नाही. ते ओळखीनं, बोलता बोलता निघतं. आडत्याचा हिशेबनीस सोडून जातो, लॅबमधली मुलगी लग्न होऊन जाते, हॉटेलात काउंटरवर हिंदी-इंग्रजी बोलणारा मुलगा हवा असतो. ही बातमी सर्वांत आधी कुणाला कळते? आपल्याला! भिशीत, भजनी मंडळात, पार्लरमध्ये आपण या गोष्टी ऐकतो आणि सोडून देतो.

म्हणून एक करून पाहा. जुनी दोनशे पानी वही घ्या आणि मुलाला किंवा मुलीला घेऊन बाजारात एक चक्कर मारा, खरेदीची पिशवी घरी ठेवून. लातूरकरांनी गंजगोलाईतून निघावं, नांदेडकरांनी नव्या मोंढ्यातून किंवा डॉक्टर लेनमधून. कोणती कामं चाललेली दिसतात, ती करायला काय शिकावं लागतं, ते कुठं शिकवतात, एवढंच लिहायचं. डॉक्टर लेनमध्ये डॉक्टर एक असला तर त्याच्याभोवती किती माणसं असतात पाहा. परिचारिका, रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, औषधं देणारे, विम्याचे कागद करणारे. आपण पाटीवरचं डॉक्टरचं नाव तेवढं वाचतो. लातूरच्या डाळमिलमध्ये, तेलाच्या गिरणीत, सोयाबीनच्या आडतीवर हिशेब, वजन, प्रतवारी, वाहतूक, यंत्रांची देखभाल अशी किती कामं! २०१७ साली जी.एस.टी. आल्यापासून तर लहान दुकानदारालाही संगणकावर हिशेब ठेवणारं माणूस लागतं. नांदेडचं म्हणाल, तर सचखंड गुरुद्वाऱ्याला देशोदेशीचे भाविक येतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यानंतर तर गावाचं रूपच बदललं. राहण्याची, जेवणाची, फिरण्याची सोय करणाऱ्याला तिथं काम आहे.

इथं भाषेचा एक मुद्दा सांगते. आपली मुलं पुण्यामुंबईला गेली की आपल्या बोलीची लाज धरतात. 'करायलोय' म्हटलं की कुणी हसेल म्हणून गप्प बसतात. अहो, नांदेडच्या मुलाला हिंदी येते, दखनी कळते. देगलूर-बिलोलीकडच्याला तेलुगू येतं आणि उदगीर-निलंग्याकडच्याला कानडी. दुसऱ्या गावची मुलं पैसे भरून ज्या भाषा शिकतील त्या आपल्या लेकरांना अंगणात मिळाल्या आहेत. सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याशी बोलायला आडतीवर असंच माणूस हवं असतं. प्रमाण मराठी आणि कामापुरतं इंग्रजी शिकावंच, पण आपलं आहे ते टाकून नव्हे.

मागच्या वर्षी मी दहावीच्या वर्गाला एक निबंध दिला होता: 'मला काय काय येतं?' पाच वाक्यं फक्त. निम्म्या वर्गानं 'मला अभ्यास येतो' असं लिहिलं. एका मुलानं लिहिलं, 'मला काहीच येत नाही.' हा मुलगा रोज पहाटे दोन म्हशींच्या धारा काढतो, अकरा घरी दूध घालतो, कुणाचं किती राहिलं ते तोंडपाठ सांगतो आणि मग शाळेत येतो. वेळ पाळणं, माल सांभाळणं, उधारी गोड बोलून वसूल करणं! दुकानदार असं माणूस हुडकत फिरतात आणि त्या लेकराला ते 'काहीच नाही' वाटत होतं. त्याला मी उठवलं आणि हे सगळं फळ्यावर लिहायला लावलं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. आपल्या मुलांना काय येतं याची अशी यादी घरी करून पाहा. नोकरीच्या अर्जात लिहायचं ते पुष्कळसं तिथंच सापडतं.

शिकायच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगते. आय.टी.आय.मध्ये वेल्डर, शिवणकाम, संगणक चालवणं असे काही ट्रेड एका वर्षाचे आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढं तंत्रनिकेतनच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. म्हणजे ही वाट मागल्या दारानं का होईना, त्याच वाड्यात जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एस.टी., वीज कंपनी, रेल्वे अशा ठिकाणी मुलं घेतात आणि विद्यावेतन देतात. तिथंच कायम होईल अशी आशा मात्र धरू नका. अनुभवाचा कागद मिळतो तोच मोठा. २०२४ साली निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हेच झालं. बारावीला महिना ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० असं मिळालं, सहा महिन्यांची मुदत पुढं वाढलीही. ती संपल्यावर 'आता कायम करा' म्हणून मुलांना रस्त्यावर यावं लागलं. ज्यांनी तेवढ्या महिन्यांत काम शिकून घेतलं, त्यांच्या पदरात निदान काही पडलं.

ज्यांना स्वतःचं काही करायचं आहे त्यांच्यासाठी जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट. ही कल्पना मूळची कर्नाटकातल्या उजिरे गावची, १९८२ सालची; तिथून ती देशभर गेली. आणि जुन्या 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'ला आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक नाव आहे. नाव लांब असलं तरी तिथं जाऊन एकदा विचारायला काय हरकत आहे? रोजगार मेळावा कधी आहे ते तिथं कळतं. मेळाव्यात नोकरी मिळाली नाही तरी चार अनोळखी माणसांसमोर बसून बोलायचा सराव होतो, आणि आपल्या मुलांना नेमकी त्याचीच धास्ती असते.

एक सावधगिरी मात्र घ्या. खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी 'याला मान्यता कुणाची?' हे विचारा आणि उत्तर कागदावर पाहा. नर्सिंगला नर्सिंग परिषदेची मान्यता लागते, औषधनिर्माणाला फार्मसी परिषदेची. चकचकीत फलक आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' दिसली की मी तरी दोन पावलं मागं सरते. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला तर दारातच उभं करू नका, मग तो कितीही जवळचा पाहुणा असो. आमच्याच गल्लीतल्या एका कुटुंबानं पाटल्या मोडून असे पैसे दिले. ना नोकरी मिळाली ना पाटल्या, आणि पाहुण्याशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

मुलींचं काय, असं काहीजणी विचारतील. 'परक्याचं धन, तिला नोकरी लावून आपल्याला काय?' हे वाक्य मी अजून ऐकते, आणि बोलणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात. पण स्थळ पाहताना 'मुलगी काही करते का?' हेही आता विचारलंच जातं. आणि उद्या तिच्यावर काही वेळ आली, तर दोन हातांत कसब असलेली मुलगी माहेरी हात पसरायला येणार नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या, वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. त्यासाठी प्रवेश सरकारी प्रक्रियेतून घेतलेला हवा, थेट संस्थेत जाऊन घेतलेला नव्हे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या आधीपासून आहेतच. लातूरला तर मुलींसाठी निवासी तंत्रनिकेतन आहे. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट झालं, त्यामुळं अहमदपूर-लोह्याकडच्या मुलीचं रोजचं जाणं-येणंही आवाक्यात आलं.

माझी एक विद्यार्थिनी बी.कॉम. झाली, संगणकावरचे हिशेब शिकली आणि नांदेडच्या एका आडत दुकानात तिला काम चालून आलं. वडिलांचा नकार. मोंढ्यात सगळे पुरुष, हमालांची ये-जा, मुलगी कशी पाठवायची? तिची आई माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "आधी तुम्ही दुकान पाहून या." ती माउली गेली, दोन तास दुकानात बसली, मालकाच्या घरी जाऊन त्यांच्या मंडळींना भेटली आणि तीन गोष्टी बोलून आली: मुलगी सातच्या आत घरी, बसायला आणि जायला वेगळी नीट जागा, आणि पगार बँकेत. वर्षभर बरं चाललं. हंगाम सरल्यावर मालक म्हणाले, दोन महिने काम नाही तर पगार नाही. मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं नाही. तिनं त्या दोन महिन्यांत एका कर सल्लागाराकडे काम धरलं आणि मोंढ्यात परत गेली ती वाढीव पगार आणि बाराही महिन्यांचं लेखी पत्र घेऊनच. वडील आता "आमची बाई मोंढा सांभाळती" असं चारचौघांत सांगतात.

पगार बँकेत, नेमणुकीचं पत्र हातात, हे मुलगा असो की मुलगी, पहिल्या दिवशीच बोलून घ्यावं. वीस किंवा जास्त माणसं काम करतात तिथं भविष्य निर्वाह निधी कापला पाहिजे आणि मालकानं आपला वाटा भरला पाहिजे. त्याचा बारा अंकी नंबर जन्मभर तोच राहतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण पोरं मोबाइल बदलतात आणि नंबर विसरतात.

पुण्याच्या बाजूला कंत्राटावर जाणाऱ्या मुलांच्या आयांनी तर पाठवण्याआधी एक बेरीज-वजाबाकी करावीच. समजा तिथं १८,००० ठरले आणि कापून हातात १५,५०० आले. खोलीचा वाटा ४,०००, खानावळ ४,०००, जाणं-येणं, मोबाइल, साबण-तेल मिळून २,५००, महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडची फेरी १,०००. राहिले ४,०००. इथं घरी राहून १०,००० मिळत असतील आणि काम शिकायला मिळत असेल, तर कोणतं बरं? जाऊच नये असं मी म्हणत नाही. मोठ्या कारखान्यात जे शिकायला मिळतं ते इथं मिळत नाही, आणि काही पोरांना घराबाहेर पडल्याशिवाय अंगात वारं भरत नाही. पण जावं ते आकडे पाहून. 'पुण्याला असतो' एवढं चारचौघींत सांगता यावं म्हणून नको.

घरातल्या घरात काय करता येईल? मुलं सोळा वर्षांची झाली की वीजबिलाची तक्रार, गॅसचं बुकिंग, बँकेतली स्लिप ही कामं त्यांच्याकडे द्यावीत आणि आपण शेजारी उभं राहू नये. पहिल्यांदा स्लिप चुकेल, कारकून खेकसेल. खेकसू द्या! मुलाखतीला जाताना मामाला, काकाला बरोबर धाडायची आपल्याकडे पद्धत आहे, ती तर बंदच करा. मालक मनात म्हणतो, याला इथवर यायला सोबत लागते, मग हा माझं काम काय करणार?

पहिली नोकरी लागल्यावर महिनाभरात "आई, मला नाही जमत" असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. उभं राहून पाय दुखतात, वरचा माणूस ओरडतो. अशा वेळी लगेच "ये घरी, दोन घास आपले आहेत" म्हणू नये. आधी नीट ऐकून घ्यावं. मारहाण, शिवीगाळ, मुलींशी वावगं वागणं, पगार बुडवणं असेल तर त्याच दिवशी परत बोलवावं. नुसता शीण असेल तर रात्री पाय चेपून द्यावेत आणि सकाळी डबा भरावा.

शेवटी कागदपत्रं. हे काम आपण बायकाच नीट करू शकतो, कारण लग्नपत्रिका आणि बारशाच्या याद्याही आपणच जपून ठेवतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, सगळं एका फायलीत, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. जात वैधतेचा अर्ज बारावीतच करून टाका. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करून ती मिळत नाही. सुनेचं शिक्षण माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या नावानं असेल तर आधी राजपत्रात नावबदल करून घ्या, नाहीतर चांगली चालून आलेली जागा नावापायी जाते. आणि सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत उर्दूत, मोडीत लिहिलेले कागद असतील तर दिवाळीच्या सफाईत रद्दीत घालू नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, सरकारी कारभार उर्दूत चालायचा, आणि जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो तेव्हा असाच एखादा पिवळा कागद उपयोगी पडतो.

दहावीचा निकाल लागला की आय.टी.आय.चे अर्ज सुरू होतात. अर्ज ऑनलाइन असतो, पण तो कसा भरायचा ते कोणत्याही सरकारी आय.टी.आय.मध्ये समजावून सांगतात. जाताना मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या आणि जन्मतारीख व नावाची अक्षरं दाखल्यावर आणि आधारवर एकसारखी आहेत का, ते आजच पाहून ठेवा. एक काना-मात्रा इकडचा तिकडे असला तरी तो दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि दुरुस्तीच्या रांगा जूनमध्येच सर्वांत लांब असतात.